पॉवर स्टेअरिंगमध्ये नक्की कुठलं तेल? फोनवर "लाल टाक" म्हटलं आणि फसलो

घाटवळण | रविवार, रात्री ९:२०

मंडळी, कराडहून लिहितोय. घरची एक दहा चाकी आहे, २०१७ ची, आणि एक टिपर. दहा चाकी कराड-चिपळूण करते, म्हणजे आठवड्यातून तीन-चारदा कुंभार्ली घाट. गाडीवर मामा असतात (कुणाचेच सख्खे नाहीत, सगळे मामाच म्हणतात) आणि एक नवा क्लीनर पोरगा, विजापूरकडचा.

गेल्या बुधवारी मामांचा फोन आला. पाटणच्या पुढं स्टेअरिंग जड लागतंय, वळवताना पुढून रडल्यासारखा आवाज येतोय. म्हटलं, टाकीचं झाकण काढून बघा. तेल काडीच्या खालच्या खुणेलाही लागत नव्हतं. मी लग्नाच्या मांडवात, मागं बँड वाजतोय. ओरडून सांगितलं, "टूलबॉक्सात तेल आहे, लाल टाक!" पोरानं टाकलं. आवाज जरा बसला. घाट उतरले, माल खाली केला, परत आले. गुरुवार-शुक्रवारी आणखी दोन फेऱ्या झाल्या. शनिवारी सकाळी पंप गुरगुरायला लागला, टाकीत ताकासारखा फेस, स्टेअरिंग मधेच हलकं, मधेच दगड. तेव्हापासून गाडी दारात उभी आहे.

एक गॅरेजवाला म्हणतो पंप गेला. दुसरा म्हणतो स्टेअरिंगचा बॉक्स गेला. तिसरा म्हणतो सगळं काढून हायड्रॉलिक ६८ भर, टिपरच्या जॅकला चालतं तर याला काय धाड भरलीय. माझा प्रश्न साधा आहे. यात तेल कुठलं लागतं, आणि चुकलं तर एवढं बिघडतं का?

जुना_क्लचप्लेट | रविवार, रात्री ९:५१

रुमाल टाकून ठेवतो. ३१ वर्षं स्टेरिंग धरलं, त्यातली पहिली बारा साध्या स्टेरिंगची. भरलेली गाडी जागेवर वळवायची तर क्लीनर आणि मी दोघं चाकाला लोंबकळायचो. तेव्हा हा तेलाचा प्रश्नच नव्हता.

मामांना माझा नमस्कार सांगा. घाट उतरताना पॉवर गेली की नवखा माणूस घाबरून ब्रेकवर उभा राहतो. पॉवर गेली तरी स्टेरिंग चाकांना जोडलेलंच असतं, फक्त जीव खाऊन ओढावं लागतं. हे ज्याला माहीत असतं तोच पोफळीला सुखरूप पोचतो.

बिनधास्त_बेडगी | रविवार, रात्री १०:१५

उगाच बाऊ करू नका राव. तेल ते तेल. आमच्या गाडीत तीन वर्षं इंजिन ऑईल होतं, पंधरा-चाळीस. काही झालं नाही. गॅरेजवाल्यांना पंप विकायचाय, बाकी काही नाही.

पाना_पक्कड | रविवार, रात्री १०:४८

घाटवळणदादा, पंप आणि बॉक्स दोन्हीला अजून हात लावू देऊ नका. आधी दोन प्रश्नांची उत्तरं द्या.

एक, तेल कमी झालंच का? ही बंद वाट आहे. टाकी, पंप, बॉक्स, परत टाकी. इंजिनसारखं हे तेल जळत नाही. लेव्हल उतरली म्हणजे कुठून तरी बाहेर पडलं. ड्रॉप आर्मच्या (बॉक्समधून चाकांकडं जाणारा दांडा) वरचं सील, परतीच्या होजची (रबरी नळीची) क्लिप, पंपाच्या शाफ्टचं सील, या तीन जागा फडक्यानं पुसा आणि सकाळी बघा. पंपाचा शाफ्ट गिअरवर चालत असेल तर तिथलं तेल इंजिनच्या चेंबरमध्येही जातं, बाहेर थेंब दिसत नाही. म्हणून इंजिन ऑईलची काडीही बघा, लेव्हल वाढलीय का.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. टूलबॉक्सात डबे किती होते आणि कुठले?

घाटवळण | रविवार, रात्री ११:०५

तीन. एटीएफचा लिटरचा डबा, टिपरसाठी ठेवलेल्या हायड्रॉलिक ६८ चा कॅन, आणि क्लच ऑईलचा अर्ध्या लिटरचा डबा. पोराला विचारलं. म्हणतो, "लाल टाकलं अण्णा, तुम्ही सांगितलं तेच."

द्रवरूप | सोमवार, सकाळी ८:१२

वंगणतेलांच्या धंद्यात आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आपल्याकडच्या बहुतेक ट्रकांच्या पॉवर स्टेअरिंगला एटीएफ लागतं, म्हणजे मुळात ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी निघालेलं तेल. जुन्या मॅन्युअलांत "टाईप ए सफिक्स ए" लिहिलेलं दिसेल, नंतरच्यांत "डेक्सरॉन टू" किंवा "थ्री". ही सगळी जनरल मोटर्सची घराणी. टाईप ए १९४९ चं, सफिक्स ए १९५७ चं, डेक्सरॉन नाव १९६७ मध्ये आलं, थ्री १९९३ मध्ये. जनरल मोटर्सनं स्वतः आता थ्रीचे परवाने देणं बंद केलंय, तरी डब्यावर "थ्री प्रकारचं" म्हणून ते मिळतं आणि चालतं. २००५ मध्ये डेक्सरॉन सिक्स आलं, ते थ्रीपेक्षा पातळ आहे. त्यामुळे "नवीन म्हणजे भारी" म्हणून जुन्या बॉक्समध्ये सिक्स ओतू नका. तुमच्या मॅन्युअलात परवानगी असेल तर गोष्ट वेगळी.

आता ६८ बद्दल. तो आकडा म्हणजे ४० अंश सेल्सिअसला तेलाचा घट्टपणा. एटीएफ त्याच तापमानाला पस्तीसच्या आसपास असतं. म्हणजे ६८ जवळपास दुप्पट घट्ट. त्यात एटीएफचा घट्टपणा थंडी-उन्हात फार हलत नाही, साध्या हायड्रॉलिक तेलाचा हलतो. डिसेंबरात पहाटे कोयनेत गाडी चालू केली की पंपाला ते ओढवत नाही, पंपाच्या तोंडाशी पोकळी होते, बुडबुडे फुटतात. तेव्हाही असाच रडल्यासारखा आवाज येतो. टिपरचा जॅक दिवसातून दहा वेळा सावकाश उचलायचा असतो, त्याला काही वाटत नाही. स्टेअरिंगचा व्हेन पंप इंजिन चालू असेपर्यंत अखंड फिरतो, आणि त्याच्या पात्या कड्याला घासत असतात.

पण तुमच्या पोरानं ६८ टाकलंय असं मला वाटत नाही. ते पिवळसर असतं, लाल नाही.

अवांतर: जुन्या एटीएफमध्ये स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल मिसळायचे, गिअर मऊ बसावेत म्हणून. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि दुसरी रसायनं शोधावी लागली. डेक्सरॉन टू त्याच काळातलं.

मिशिगनची_थंडी | सोमवार, सकाळी ८:५५

बेडगीसाहेब पूर्ण चुकीचे नाहीत हं. इकडे मी पार्ट्सच्या दुकानात काम करते. अमेरिकन मोठ्या ट्रकांच्या काही स्टेअरिंग गिअरना कंपनीच पंधरा-चाळीस इंजिन ऑईल सांगते, काहींना एटीएफ चालतं. पिकअपमध्ये तर आणखी गंमत. फोर्डला बरीच वर्षं मर्कॉन म्हणजे एटीएफच जायचं, रॅमच्या बऱ्याच गाड्यांना एटीएफ प्लस फोर, आणि होंडाचं स्वतःचं वेगळंच. गिऱ्हाईक येऊन "पॉवर स्टेअरिंग फ्लुइड द्या" म्हणालं की मी पहिल्यांदा गाडीचं वर्ष विचारते. २०११ नंतरच्या बहुतेक एफ-१५० असतील तर विक्रीच होत नाही, त्यांचं स्टेअरिंग विजेवर!

मी_फक्त_वाचक | सोमवार, सकाळी ९:३०

म्हणजे आमच्या टाटा इंट्रात मी दोन वर्षं स्टेअरिंगची टाकी शोधतोय ती नाहीच का 😀

पाना_पक्कड | सोमवार, सकाळी ९:४१

नाहीच. विजेचं स्टेअरिंग आहे ते. शोध थांबवा.

बेडगीभाऊ, तुमच्या बॉक्सला इंजिन ऑईल चालत असेलही. पण घाटवळणांच्या बॉक्सला काय चालतं ते त्याच्या अंगावरच्या पट्टीवरून ठरणार. आपल्याकडं एक तर पुण्याजवळ वढू बुद्रुकला बनलेला झेडएफचा बॉक्स असतो, नाहीतर तमिळनाडूतल्या राणेचा. पट्टीवरची माती खरवडा, नंबर वाचा, आणि गाडीच्या मॅन्युअलात तेलांचं पान असतं ते काढा. शिवाय इंजिन ऑईल एकटं टाकलेलं एक वेळ चालेल, एटीएफमध्ये मिसळलेलं नको. दोघांत मिसळलेली रसायनं वेगळी.

घाटवळण, आता एक करा. मोठी सिरिंज आणि सलाईनची नळी घ्या. नळी टाकीत थेट तळापर्यंत घाला आणि खालचं तेल ओढा. पाण्याच्या पारदर्शक बाटलीत भरून रात्रभर हलवू नका. सकाळी फोटो टाका. मला शंका आली आहे, पण आत्ता बोलत नाही.

जुना_क्लचप्लेट | सोमवार, सकाळी १०:२०

मला पण तीच शंका आहे. पोराला एक विचारा, तेल लाल होतं की डबा?

घाटवळण | सोमवार, दुपारी १:१५

काका, तुमचे पाय धरतो.

पोराला समोर बसवून तिन्ही डबे मांडले. एटीएफचा डबा काळा, आतलं तेल लाल. क्लच ऑईलचा डबा लालभडक, आतलं तेल पिवळट. पोरानं लाल *डबा* उचलला. अख्खा अर्धा लिटर ओतला. मी सांगितलं तेच त्यानं केलं.

द्रवरूप | सोमवार, दुपारी १:४०

अरे देवा.

क्लच ऑईल म्हणजे ब्रेक ऑईलच, डॉट थ्री किंवा फोर. ते खनिज तेलच नाही, ग्लायकॉलच्या कुळातलं आहे. ते एटीएफमध्ये नीट विरघळत नाही आणि त्यापेक्षा जड असतं, म्हणून तळाला बसतं. पानापक्कडनी तळातलं तेल मागितलं ते यासाठीच. दुसरी खूणही करून बघा. काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि तळातले थेंब सोडा. एटीएफ लाल टिकल्यांसारखं वर तरंगेल. क्लच ऑईल पाण्यात साखरेसारखं विरघळून नाहीसं होईल.

खरं दुखणं रबराचं. स्टेअरिंगची सीलं साधारण नायट्राईल रबराची, ती खनिज तेलासाठी बनवलेली. ग्लायकॉल लागलं की ती फुगतात, मऊ पडतात, मग शाफ्टवर फाटतात. उलटंही तितकंच वाईट. क्लचच्या किंवा ब्रेकच्या सिलिंडरात कुणी एटीएफ टाकलं की तिथली रबरं पावासारखी फुगतात, कारण ती वेगळ्या जातीची. त्या बाजूला हात गेला नव्हता ना, तेवढं विचारून घ्या.

घाटवळण | मंगळवार, सकाळी ७:०५

क्लचच्या डबीत काही टाकलेलं नाही, खात्री केली.

रात्रभर ठेवलेली बाटली समोर आहे. वर गढूळ तांबडं, डाळिंबाच्या जुन्या रसासारखं, आणि त्यात अजून बारीक फेस अडकलेला. तळाला बोटभर जाड मधाच्या रंगाचा थर. मधली रेघ सुरीनं कापल्यासारखी. वरचं हळूच ओतून दिलं आणि खालच्यातले चार थेंब पाण्यात सोडले. एक क्षण दोरे दोरे दिसले, मग काही नाही. पाणी नुसतं किंचित धुरकट. बायकोनं ग्लास बघितला आणि म्हणाली, हा आता परत स्वयंपाकघरात आणायचा नाही.

पानापक्कड, आता?

पाना_पक्कड | मंगळवार, सकाळी ७:३२

बरं झालं नक्की कळलं. आधी गोंधळ दूर करतो. बुधवारी स्टेअरिंग जड झालं ते क्लच ऑईलमुळं नाही, तेल कमी होऊन पंपानं हवा ओढली म्हणून. क्लच ऑईल नंतर गेलं. त्यानं लेव्हल भरली म्हणून आवाज बसला आणि सगळ्यांना वाटलं काम झालं. मग तीन दिवस गरम होऊन होऊन त्यानं सीलं खाल्ली. म्हणजे रोग दोन आहेत, मूळ गळती आणि वरची चूक. एकच दुरुस्त केलात तर परत इथंच याल.

पुढचे दोन जॅक लावा, पण गाडी जॅकवर सोडू नका, खाली घोडे (लोखंडी स्टँड) द्या. चाकं हवेत पाहिजेत. परतीचा होज टाकीकडून सोडवा आणि बादलीत घाला, टाकीचं ते तोंड बुच मारून बंद करा. इंजिन बंदच ठेवा आणि स्टेअरिंग हातानं या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. बादलीत पडत राहील. यायचं थांबलं की टाकी खोला, आतला फिल्टर फेकून द्या, टाकी फडक्यानं पुसा. सूत सुटणारं फडकं नको, बनियनचं चालेल. मग दोन लिटर एटीएफ नुसतं धुवायला वापरा, तेही असंच काढून टाका. अर्धा लिटर क्लच ऑईल आहे, एका धुण्यात निघत नाही, दोनदा करा. डिझेलनं किंवा रॉकेलनं धुवा म्हणून कोणी सांगेल, ऐकू नका.

सीलं मात्र सगळी बदलायची. पंपाची किट, बॉक्सची किट, परतीचा होज. जुना होज हातात दाबून बघा, आतून जेलीसारखा झाला असेल. पंप खोलल्यावर आतलं कडं बोटानं चाचपा. गुळगुळीत असेल तर पंप ठेवा. लाटा जाणवल्या, पात्यांवर रेघोट्या दिसल्या, तर मात्र तुमचा पहिला गॅरेजवाला खरा.

भरताना माणसं घाई करतात. भरून लगेच स्टार्टर मारला की टाकीतलं तेल गपकन आत जातं आणि पंप कोरडा फिरतो. एकानं टाकीवर उभं राहून ओतत राहायचं, दुसऱ्यानं स्टार्टर नुसता टिचकीसारखा मारायचा. इंजिन लागलं की आयडलवर ठेवायचं आणि स्टेअरिंग सावकाश टोकाला, सावकाश परत. टोकाला नेऊन दाबून धरायचं नाही. तिथं जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, सगळा दाब गोल गोल फिरतो आणि तेल भाजून निघतं. पार्किंग करताना ड्रायव्हर लोक हीच चूक रोज करतात. टाकीत बुडबुडे यायचे थांबेपर्यंत फिरवत राहा.

मग इंजिन बंद करा आणि टाकीकडं बघा. तेल किंचित वर येणारच. दोन सेंटीमीटरच्या वर उसळलं तर आत अजून हवा आहे. दाबातली हवा फुगली म्हणून तेल ढकललं गेलं. परत फिरवा.

बिनधास्त_बेडगी | मंगळवार, सकाळी ८:१०

मानलं राव. पण नवीन सीलं टाकून नंतर त्यात सुट्टं लाल तेल टाकलं, कॅनमधून मापून देतात ते, तर? डब्याच्या निम्म्या भावात मिळतं.

द्रवरूप | मंगळवार, सकाळी ८:२६

लाल रंग मुद्दाम घातलेला असतो, गळती कुठली ते ओळखू यावं म्हणून. त्याचा गुणाशी काही संबंध नाही. कुठल्याही तेलात चिमूटभर रंग टाकला की ते लाल होतं. सीलबंद घ्या, आणि डब्यावर तुमच्या मॅन्युअलातलंच नाव आहे का ते वाचा. बॉक्स झेडएफचा असेल तर त्यांच्या तेलांच्या याद्या असतात, त्यातली टीई-एमएल ०९ ही स्टेअरिंगची. कंपनी बदलली तर बदलू द्या, प्रकार तोच ठेवा. आणि रिकामा डबा टाकताना त्याला भोक पाडा. तो परत भरून कोणाच्या तरी गाडीत जाऊ नये.

युरोपियन कारवाल्यांसाठी एक ओळ: काहींत हिरवं सिंथेटिक तेल असतं. त्यात लाल मिसळायचं नाही.

घाटवळण | शुक्रवार, रात्री ९:०२

उशीर झाला, पण काम झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

मूळ गळती परतीच्या होजच्या क्लिपला. क्लिप सैल नव्हती, तिच्याखालचा होज चिरलेला होता, त्यामुळे वरून सगळं ठीक दिसायचं. होज काढून दाबला तर खरंच आत बोट रुतलं. ड्रॉप आर्मवरचं सील सुटून हातात आलं, ते नव्या सीलाशेजारी ठेवलं तर जुनं उघड्या डोळ्यांना मोठं दिसत होतं. पंप वाचला. कड्यावरून नख फिरवलं, कुठं अडलं नाही. दोन धुणी आणि भरणं मिळून एटीएफ साडेसात लिटर लागलं. किटा, होज, फिल्टर, तेल, मजुरी धरून नऊ हजारांच्या आत बसलं. पहिल्या दिवशी पंप आणि बॉक्स दोन्ही नवे सांगितले होते, तो आकडा इथं लिहीत नाही, बायको हा धागा वाचते.

हवा काढायला पाऊण तास गेला. टाकीवर मी, स्टेअरिंगवर मामा. पहिल्यांदा बंद केलं तेव्हा तेल तीन बोटं वर उसळलं. दुसऱ्यांदा दीड. चौथ्यांदा हललंसं वाटलंच नाही. जुनं तेल कॅनमध्ये भरून ठेवलंय, वापरलेलं तेल नेणारा येतो त्याला क्लच ऑईल मिसळलंय असं सांगून देणार.

जुना_क्लचप्लेट | शुक्रवार, रात्री ९:३०

पोराला रागावला नाहीत ना?

घाटवळण | शुक्रवार, रात्री ९:४४

कशाला? "लाल टाक" मीच म्हटलं होतं.

टाकीच्या झाकणावर ऑईल पेंटनं "एटीएफ" लिहिलं. पोरानं बघितलं आणि म्हणाला, अण्णा, मला कन्नड वाचता येतं, हे नाही. मग त्यानंच मार्ग काढला. एटीएफच्या डब्याला आणि स्टेअरिंगच्या टाकीला एकाच जुन्या लाल साडीच्या चिंध्या बांधल्या. क्लचच्या डबीला आणि त्या लाल डब्याला पिवळ्या. ६८ चा कॅन उचलून टिपरमध्ये नेऊन ठेवला. आज पहाटे गाडी चिपळूणला गेली. घाटातून मामांचा फोन आला नाही.